चूक नेमकी कुठे आहे?

'संगणक चुकत नाही, त्याला सांगणारा माणूस चुकतो' हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. ते बरेचसे खरे आहे, पण त्याचा उपयोग फारसा नाही. निकालपत्रक छापून हातात आले आहे, त्यात काही मुलांना उणे टक्के पडले आहेत, अशा वेळी कोण चुकले हे कळून काय करायचे? चूक कुठे आहे, ती तिथेच आहे हे कशावरून, आणि ती दुरुस्त केल्यावर दुसरी चूक तर शिरली नाही ना, हे प्रश्न महत्त्वाचे असतात. त्यांची उत्तरे शोधण्याची पद्धत आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळेत वापरली जाणारी पद्धत यांत फारसा फरक नाही. म्हणूनच हा विषय संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांइतकाच गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्यांनाही उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते.

उदाहरण आपल्या रोजच्या कामातलेच घेऊ. वर्गात ४० मुले आहेत. सहा विषय, प्रत्येकी १०० गुण, एकूण ६००. प्रत्येक मुलाचे गुण वाचायचे, बेरीज करायची, टक्के काढायचे आणि निकाल छापायचा. यासाठी आपण 'सी' या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे असे समजू. (वाचायला सोपे जावे म्हणून त्यातली नावे आम्ही मराठीत दिली आहेत.)

भाषांतर करणारा प्रोग्रॅम

संगणकाच्या प्रक्रियकाला फक्त ० आणि १ यांनी बनलेल्या सूचना समजतात. आपण लिहितो ती भाषा त्याला कळत नाही. मध्ये भाषांतर करणारे कोणीतरी लागते. ते दोन प्रकारचे असू शकते. सभेतला दुभाष्या वक्त्याचे एकेक वाक्य ऐकतो आणि लगेच सांगतो. जुन्या शालेय संगणकांवरची 'बेसिक' भाषा बहुधा अशी चाले. पुस्तकाचा अनुवादक मात्र सगळे पुस्तक आधी वाचतो, पूर्ण अनुवाद करतो, आणि मग वाचकाला मूळ पुस्तकाची गरज उरत नाही. कंपायलर हा असा अनुवादक आहे. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास या कल्पनेला हात घातला. जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएममध्ये तयार केलेला 'फोर्ट्रान'चा कंपायलर १९५७ मध्ये वापरात आला. 'सी' ही भाषा डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या आसपास घडवली.

अनुवाद आधीच पूर्ण होत असल्यामुळे चुकाही तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर भेटतात. पहिला टप्पा भाषांतराचा. इथे व्याकरण चुकले की कंपायलर अडून बसतो. दुसरा टप्पा जोडणीचा. आपण 'वर्गमूळ काढ' असे लिहितो, पण वर्गमूळ काढण्याच्या सूचना आपण लिहिलेल्या नसतात, त्या तयार ग्रंथालयातून आणून जोडाव्या लागतात. हे काम 'लिंकर' करतो. तिसरा टप्पा प्रत्यक्ष चालण्याचा. इथे प्रोग्रॅम मध्येच बंद पडू शकतो किंवा, सर्वांत वाईट म्हणजे, न थांबता बिनबोभाट चुकीचे उत्तर देऊ शकतो.

पहिल्या दोन टप्प्यांतल्या चुकांना नवशिके फार घाबरतात. खरे तर त्या गरीब चुका. त्या स्वतःहून ओरडून सांगतात.

पहिलाच संदेश नीट वाचा

'राम शाळेत गेला सीता घरी आली' हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा. आपण कुठे अडखळतो? 'गेला' या शब्दापाशी नाही, 'सीता' या शब्दापाशी. पूर्णविराम राहिला आहे तो आधी, पण खटकते ते नंतर. 'सी'मध्ये प्रत्येक विधान अर्धविरामाने संपते. ओळ संपली म्हणून विधान संपले असे कंपायलर मानत नाही. अर्धविराम विसरला तर तो पुढे वाचत जातो आणि पुढच्या ओळीतला शब्द बसेना झाला की तक्रार करतो. म्हणून बरेच कंपायलर १२ व्या ओळीतल्या चुकीबद्दल १३ व्या ओळीचा क्रमांक सांगतात. विद्यार्थी १३ वी ओळ दहा वेळा तपासतो आणि 'संगणक उगाच बोलतो' असे म्हणतो. नियम सोपा आहे: सांगितलेली ओळ पाहा, तिथे काही सापडले नाही तर तिच्या वरची पाहा.

दुसरा नियम याहून उपयोगी. एक महिरपी कंस विसरला तर कधी कधी चाळीस-पन्नास चुकांची यादी पडद्यावर येते. घाबरायचे नाही. पहिली चूक झाल्यावर कंपायलरचा समज चुकलेला असतो आणि पुढच्या अनेक तक्रारी त्या चुकलेल्या समजातून आलेल्या असतात. फक्त पहिली चूक दुरुस्त करायची आणि पुन्हा भाषांतर करायचे. उरलेल्यांपैकी बऱ्याच आपोआप नाहीशा होतात.

लिंकरच्या तक्रारीची ओळख वेगळी असते. 'अमुक नावाचे काम कुठेच सापडले नाही' असा तिचा मथितार्थ असतो. अशा वेळी व्याकरण तपासून उपयोग नाही. नाव लिहिताना एखादे अक्षर इकडेतिकडे झाले आहे का, किंवा ते काम ज्या ग्रंथालयात आहे ते जोडायचे राहिले आहे का, हे पाहायचे. युनिक्स घराण्यातल्या अनेक संगणकांवर गणिताचे ग्रंथालय जोडण्याची सूचना वेगळी द्यावी लागते. ती दिली नाही की नेमके वर्गमूळ अडते.

सगळ्यांना शून्य टक्के

आता खऱ्या अडचणींकडे वळू. भाषांतर झाले, जोडणी झाली, प्रोग्रॅम चालला. निकाल पाहतो तर सगळ्या वर्गाला शून्य टक्के! ओळ अशी होती:

टक्के = बेरीज / ६०० * १००;

गणिताच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही. पण 'बेरीज' आपण पूर्णांक म्हणून जाहीर केली आहे आणि ६०० हाही पूर्णांक आहे. पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर 'सी' भागाकार देते आणि बाकी टाकून देते, अगदी तिसरी-चौथीत आपण भागाकार शिकवतो तसे. ४३१ भागिले ६००, भागाकार ०. शून्याला शंभराने गुणले तरी शून्यच. ज्याला ६०० पैकी ६०० मिळाले त्या एकट्यालाच १०० टक्के मिळतील.

यावर पुष्कळजण 'टक्के' हे चल दशांश ठेवणाऱ्या प्रकारचे करून पाहतात. तरीही शून्यच येते, फक्त ते ०.०० असे छापले जाते. कारण उजवीकडचे गणित आधी होते, ते कुठे ठेवायचे हे नंतर. पाणी लहान भांड्याने मोजून सांडून गेल्यावर मोठे पातेले आणून काय उपयोग?

मग एखादा हुशार विद्यार्थी क्रम बदलतो: आधी गुणायचे, मग भागायचे.

टक्के = बेरीज * १०० / ६००;

आता ४३१ गुणांना ७१ टक्के मिळतात. सगळे खूश. पण खरे उत्तर ७१.८३ आहे, अपूर्णांक अजूनही गळतोच आहे. ३५९ गुणांचे ५९.८३ टक्के होतात. शाळेचा नियम 'अर्धा किंवा त्याहून जास्त अपूर्णांक असेल तर पुढचा पूर्ण टक्का धरावा' असा असेल, तर या मुलीला ६० टक्के, म्हणजे प्रथम श्रेणी मिळायला हवी. प्रोग्रॅम तिला ५९ देतो. उत्तर इतके विश्वसनीय दिसते की कोणी तपासणारही नाही. शून्य टक्क्यांची चूक त्यापेक्षा बरी होती, ती लगेच दिसली.

हुशार मुले उणे कशी?

हाच बदललेला प्रोग्रॅम एखाद्या जुन्या संगणकावर 'टर्बो सी' या कंपायलरने चालवला तर काय होईल? हा कंपायलर आपल्याकडच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे शिकवण्यासाठी वापरला गेला. त्याने दिलेली काही उत्तरे पाहा:

१९८ गुण: ३३ टक्के
२४५ गुण: ४० टक्के
३२७ गुण: ५४ टक्के
३२८ गुण: उणे ५४ टक्के
४३१ गुण: उणे ३७ टक्के
५४० गुण: उणे १९ टक्के

पुढचे वाचण्याआधी थोडे थांबा आणि या यादीकडे नीट पाहा. पहिली प्रतिक्रिया 'संगणकात व्हायरस आहे' किंवा 'कंपायलर बिघडला आहे' अशी असते. पण बिघाड इतका शिस्तबद्ध नसतो. कमी गुण मिळवणाऱ्या मुलांची उत्तरे ठीक आहेत, जास्त गुणवाल्यांची बिघडली आहेत. आणि बिघडण्याची सीमा अगदी काटेकोर आहे: ३२७ ला ठीक, ३२८ ला उणे. आमच्याकडे नवे संशोधक विद्यार्थी येतात तेव्हा त्यांना आम्ही हेच सांगतो की, चूक दिसली की तिची सीमा शोधा. कुठवर ठीक चालते आणि कुठून बिघडते हे कळले की निम्मे काम झाले.

सीमेवर काय घडते? ३२७ गुणिले १०० म्हणजे ३२,७०० आणि ३२८ गुणिले १०० म्हणजे ३२,८००. या दोन संख्यांच्या मध्ये काहीतरी आहे. ते 'काहीतरी' म्हणजे ३२,७६७. टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकाला १६ बिटांची जागा मिळते. १६ बिटांत ० आणि १ यांच्या एकूण ६५,५३६ वेगवेगळ्या मांडण्या होतात. त्यांतल्या निम्म्या ऋण संख्यांसाठी राखलेल्या असतात. म्हणून साठवता येणाऱ्या संख्या उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंतच. स्कूटरचा किलोमीटर मोजणारा आकडा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसेच इथे ३२,७६७ नंतर एकदम उणे ३२,७६८ येते.

आता आपला तर्क खरा आहे का ते आकड्यांनीच तपासू. ४३१ गुणिले १०० म्हणजे ४३,१००. त्यातून ६५,५३६ वजा केले की उणे २२,४३६. त्याला ६०० ने भागले तर उणे ३७.३९, अपूर्णांक टाकला की उणे ३७. यादीतलाच आकडा! ५४० साठी हाच हिशोब वाचकांनी स्वतः करून पाहावा. नुसते 'बहुधा जागा अपुरी पडली असेल' असे म्हणणे आणि नेमका उणे ३७ हा आकडा आधी सांगून दाखवणे यांत फरक आहे. पहिला अंदाज, दुसरे स्पष्टीकरण.

अलीकडच्या बहुतेक कंपायलरमध्ये साध्या पूर्णांकाला ३२ बिट मिळतात आणि मर्यादा २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जाते. म्हणून हाच प्रोग्रॅम तिथे ७१ टक्के देतो. 'माझ्या संगणकावर तर बरोबर चालतो' या वाक्याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की तिथे मर्यादा अजून गाठली गेलेली नाही.

उपाय मात्र एका टिंबाचा आहे. १०० ऐवजी १००.० लिहायचे. दशांशचिन्ह दिसल्याबरोबर सगळे गणित दशांश संख्यांत होते. जागाही पुरते आणि अपूर्णांकही गळत नाही. 'टक्के' हे चल दशांश प्रकारचे करायला मात्र विसरायचे नाही.

हीच चूक अवकाशात

जागा अपुरी पडण्याची ही चूक फक्त निकालपत्रकात होत नाही. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातल्या कुरू येथून 'आरियान ५' हे युरोपीय अग्निबाण पहिल्यांदा उडाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचा प्रोग्रॅम आधीच्या 'आरियान ४' साठी 'एडा' या कंपायलरने भाषांतरित होणाऱ्या भाषेत लिहिलेला होता आणि तो तिथे उत्तम चालला होता. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात असे. आरियान ५ चा आडवा वेग आधीच्या बाणापेक्षा लवकर वाढत होता. उड्डाणानंतर सुमारे ३७ सेकंदांनी ही संख्या १६ बिटांत मावेनाशी झाली. मुख्य आणि राखीव अशा दोन्ही संगणकांत तोच प्रोग्रॅम असल्यामुळे दोन्ही एकाच कारणाने बंद पडले. बाण भलत्याच दिशेला वळला, तुटू लागला आणि त्यातल्या स्वयंनाशक यंत्रणेने तो उडवून दिला. सोबत 'क्लस्टर' मोहिमेचे चार उपग्रह गेले. यातला बोचरा भाग असा की प्रोग्रॅमच्या त्या भागाची उड्डाण झाल्यावर गरजच नव्हती.

अशीच एक सीमा पुढेही आहे. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात. ज्यांनी त्यासाठी चिन्हासह ३२ बिटच ठेवले आहेत त्यांची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. नव्या यंत्रणांत ६४ बिट दिले जातात, पण यंत्रांच्या पोटात बसवलेले जुने छोटे संगणक तपासावे लागतील.

एक बरोबर-चिन्ह कमी

आपल्या प्रोग्रॅमकडे परत येऊ. गैरहजर मुलासाठी १ आणि हजर मुलासाठी ० अशी खूण ठेवली आहे. ओळ अशी आहे:

जर (गैरहजर = १) 'गैरहजर' असे छाप;

निकाल: सगळा वर्ग गैरहजर! गणितात '=' हे चिन्ह दोन बाजू सारख्या आहेत असे सांगते. 'सी'मध्ये ती एक आज्ञा आहे: उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेव. तुलना करायची तर '==' असे दोनदा लिहावे लागते. वरच्या ओळीत प्रत्येक मुलाच्या खुणेत १ ठेवला गेला आणि १ म्हणजे 'सी'च्या दृष्टीने 'खरे'. व्याकरणात बसत असल्यामुळे कंपायलरने अनुवाद करून दिला.

या चिन्हाचा कोणी मुद्दामही उपयोग करू शकतो. नोव्हेंबर २००३ मध्ये 'लिनक्स' या यंत्रणेच्या मूळ प्रोग्रॅमच्या एका प्रतीत कोणीतरी दोन ओळी गुपचूप घुसवल्या. वरवर पाहता 'वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का' अशी ती तुलना वाटत होती. पण तिथे एकच '=' होते, म्हणजे वापरणाऱ्याला शून्य क्रमांक, अर्थात यंत्रणेचा सर्वाधिकार, बहाल होत होता. प्रती ताडून पाहण्याच्या नेहमीच्या कामात हा बदल उघडकीस आला, म्हणून तो पुढे पसरला नाही.

अशा जागी कंपायलर आपल्याला मदत करू शकतो, पण मागितली तर. चूक वेगळी आणि इशारा वेगळा. इशारा म्हणजे 'व्याकरण ठीक आहे, पण तुम्हाला खरेच हेच म्हणायचे होते का?' 'जीसीसी'सारख्या कंपायलरला सगळे नेहमीचे इशारे द्यायला सांगण्याची सोय आहे. ती कायम चालू ठेवावी. प्रोग्रॅम चालतो आहे म्हणून इशाऱ्यांकडे काणाडोळा करणे म्हणजे ताप उतरला म्हणून औषध अर्ध्यावर सोडण्यासारखे आहे.

न पुसलेली पाटी आणि एकेचाळिसावे घर

आणखी दोन चुका इतक्या नेहमीच्या आहेत की त्यांची लक्षणे पाठ असावीत.

पहिली: बेरीज करण्याआधी 'बेरीज'मध्ये शून्य ठेवायला विसरणे. पाटी न पुसता त्यावर लिहिण्यासारखे हे आहे. संगणकाच्या स्मृतीत त्या जागी आधीचे काहीतरी पडलेले असते, त्यातच गुण मिळवले जातात. उत्तर दर वेळी वेगळे येऊ शकते. कधी नशिबाने बरोबरही येते. याचाच एक प्रकार म्हणजे शून्य ठेवले, पण एकदाच, सगळ्या मुलांच्या आधी. मग पहिल्या मुलाचे उत्तर बरोबर येते, दुसऱ्याच्या बेरजेत पहिल्याचे गुण मिसळतात, तिसऱ्याच्या बेरजेत दोघांचे. यादीत खाली जावे तसे आकडे फुगत गेले तर हेच कारण समजावे.

दुसरी: मोजणीतला एकाचा फरक. १०० मीटर लांब कुंपणाला दर १० मीटरवर खांब लावायचा तर खांब किती? चटकन १० हे उत्तर येते, पण खांब ११ लागतात. 'सी'मध्ये ४० मुलांसाठी ४० घरांची चाळ बांधली तर घरांचे क्रमांक ० ते ३९ असतात. 'क्रमांक ४० होईपर्यंत, ४० धरून' असे लिहिले तर एकेचाळिसाव्या घरात लिहिले जाते. ते घर आपले नसते. 'सी' आपल्याला अडवत नाही. शेजारच्या चलाची किंमत पुसली जाते. चोरी एका घरात होते आणि आरडाओरड भलत्याच घरातून ऐकू येते. म्हणून चुकीचे उत्तर जिथे दिसले तिथेच चूक असेल असे धरून चालत नाही. आता जीसीसी आणि क्लँग या कंपायलरमध्ये अशी घुसखोरी झाल्याक्षणी प्रोग्रॅम थांबवून ओळ दाखवणारी तपासणी जोडता येते. शिकताना ती जरूर वापरावी.

दशांशाचा दगा

१ भागिले ३ हे दशमान पद्धतीत ०.३३३… असे न संपणारे होते. तसेच १ भागिले १० हे द्विमान पद्धतीत न संपणारे होते. त्यामुळे संगणकातला ०.१ हा अगदी नेमका एकदशांश नसतो. 'डबल' या प्रकारच्या चलात ०.१ दहा वेळा मिळवून ते १ च्या बरोबर आहे का असे विचारले, तर उत्तर 'नाही' असे येते. बेरीज एकापेक्षा किंचित कमी भरते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धहरान येथे 'पेट्रियट' या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला येणारे क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक मेले. यंत्रणा एकदशांश सेकंदांत वेळ मोजत होती, एकदशांशाची किंमत २४ बिटांत छाटलेली होती, आणि सलग सुमारे १०० तास चालू राहिल्याने हिशोबात ०.३४ सेकंदांचा फरक साठला होता. तेवढ्या वेळात क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापते.

आपल्यासाठी धडा साधा आहे. दशांश संख्यांची '==' ने तुलना करू नये, आणि जिथे पूर्णांकांत काम होते तिथे दशांश आणू नये. ६०० पैकी ३५ टक्के म्हणजे २१० गुण. उत्तीर्ण ठरवताना टक्के न काढता बेरीज २१० पेक्षा कमी आहे का एवढेच विचारावे. पैशांचा हिशोबही रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांत ठेवावा.

निम्मे करत जा

मॉरिस विल्क्स यांच्या केंब्रिजमधल्या 'एडसॅक' संगणकाने १९४९ मध्ये काम सुरू केले. त्याच वर्षी, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे, हे आपल्या लक्षात आले, असे त्यांनी पुढे आठवणींत नोंदवले आहे. तेव्हापासून साधने पुष्कळ सुधारली, पण शोधण्याची रीत तीच आहे.

पहिले म्हणजे चूक हमखास पुन्हा घडवता आली पाहिजे. मग ती लहान करायची: ४० मुलांऐवजी एक मूल, सहा विषयांऐवजी एक विषय घेऊनही ती घडते का? नंतर प्रोग्रॅमच्या मध्यावर एक तपासणी ठेवायची. इथपर्यंत बेरीज बरोबर आहे का? असेल तर चूक खालच्या निम्म्यात, नसेल तर वरच्या निम्म्यात. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो. हजार ओळींचा प्रोग्रॅम असला तरी असे निम्मे करत गेले की दहाएक पावलांत आपण एका ओळीपर्यंत पोचतो. एका वेळी एकच बदल करायचा, आणि काय बदलले व काय झाले हे वहीत लिहून ठेवायचे. तीन गोष्टी एकदम बदलून प्रोग्रॅम चालू लागला तर कोणत्या बदलाने चालला हे कधीच कळत नाही. आणि प्रोग्रॅम चालवण्याआधी अपेक्षित उत्तर कागदावर लिहायचे. उत्तर पाहिल्यावर 'बरोबरच असेल' असे वाटायला फार वेळ लागत नाही.

वर्गात काय करता येईल

यासाठी संगणक लागतोच असे नाही. तीन मुलांच्या हातात 'बेरीज', 'क्रमांक' आणि 'टक्के' असे लिहिलेल्या पाट्या द्या. चौथा मुलगा प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचेल आणि पाटीवाले ती अक्षरशः पाळतील, स्वतःची अक्कल न चालवता. 'बेरीज'च्या पाटीवर आधीच कसलातरी आकडा लिहून ठेवा आणि ती शून्य करण्याची ओळ वगळा. काय होते ते मुलांनाच सांगू द्या. मग 'सर्वांत मोठी संख्या ९९. त्यानंतर पुन्हा ०' असा नियम घालून मोठी बेरीज करायला सांगा. सातवी-आठवीची मुले हा खेळ मजेत खेळतात, आणि चूक शोधणारा हिरो ठरतो.

शेवटी एक मुद्दा खास शिक्षकांसाठी. ४२ − १७ = ३५ असे एखाद्या मुलाने लिहिले तर आपण लाल फुली मारतो आणि 'लक्ष देत नाही' असे म्हणतो. पण उत्तराकडे पुन्हा पाहा. ७ मधून २ गेले ५, ४ मधून १ गेला ३. हे मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे, अगदी नियमाने. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये हाच विचार मांडला: मुलांच्या वजाबाकीतल्या अनेक चुका निष्काळजीपणाच्या नसून एखाद्या प्रोग्रॅममधल्या चुकीसारख्या पद्धतशीर असतात. भावी शिक्षकांना सराव व्हावा म्हणून त्यांनी एक संगणक-खेळही केला. त्यात संगणक चुकणाऱ्या मुलाची भूमिका घेई आणि शिक्षकाने त्याची चूक ओळखायची असे.

अशा मुलाला ८५ − ३२ हे उदाहरण दिले तर तो ५३ हे बरोबर उत्तर देईल आणि त्याची चूक झाकलेलीच राहील, जशी ३२७ गुणांपर्यंत आपल्या प्रोग्रॅमची राहिली होती. ८२ − ३५ दिले तर मात्र तो ५३ च लिहील आणि आपल्याला काय शिकवायचे राहिले आहे ते दिसेल. पुढच्या चाचणीची उदाहरणे निवडताना ही सीमेवरची दोन-तीन उदाहरणे त्यात आहेत का, एवढे एकदा पाहून घ्यावे.